बॉइनकाठचं ड्रॉहेडा आणि सुलतानाची तीन जहाजं

नदीकाठची

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय त्यामुळे चूभूद्याघ्या.

आम्ही आयर्लंडमधे ड्रॉहेडा नावाच्या गावात राहतो. स्पेलिंगमधे मधोमध एक 'जी' आहे तो कोणी उच्चारत नाही, मी पहिले सहा महिने ठासून 'ड्रोघेडा' म्हणत होते आणि तिकीट खिडकीवरचा माणूस दर वेळी गोड हसायचा. डब्लिनची भाडी परवडेनात म्हणून इकडे सरकलो, नवरा रोज ट्रेनने जाऊन येऊन करतो. गाव बॉइन नदीच्या दोन्ही काठांवर आहे, समुद्र अगदी जवळ त्यामुळे नदीला भरती-ओहोटी येते, ओहोटीला चिखल आणि बगळे, भरतीला एकदम रुबाब. गावाच्या आयरिश नावाचा अर्थच मुळी 'उतारावरचा पूल' (उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा) असा आहे.

तर झालं असं की मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या आजोबांबरोबर (वय ऐंशीच्या पुढे, रोज टोपी घालून नदीवर एक चक्कर) वेस्ट स्ट्रीटवरनं चालत होते. तिथे एक जुनं हॉटेल आहे, पूर्वी ती नगरपालिकेची इमारत होती म्हणे. त्याच्या भिंतीवर एक पाटी आहे, १९९५ साली लावलेली, तुर्कस्तानच्या लोकांनी आयर्लंडच्या लोकांना दाखवलेल्या औदार्याची आठवण म्हणून. मी चार वर्षं त्या पाटीखालून भाजीच्या पिशव्या घेऊन जातेय, कधी वर बघितलं नव्हतं. आजोबा थांबले आणि सुरू झाले.

१८४७ साल, म्हणजे बटाट्याचं पीक बुडून आयर्लंडमधे पडलेल्या दुष्काळातलं सगळ्यात वाईट वर्ष. लोक रस्त्याच्या कडेला मरून पडताहेत. ही बातमी पोचली इस्तंबूलला, सुलतान अब्दुलमजीदच्या कानावर, कारण त्याच्या पदरी एक आयरिश डॉक्टर होता. सुलतान तेव्हा जेमतेम चोविशीचा पोरगा. तो म्हणाला मी दहा हजार पौंड देतो. तर इंग्रज राजदूत धावत आला की सरकार असं करू नका, आमच्या राणीने दोनच हजार दिलेत, तिच्यापेक्षा जास्त दिलेत तर तिचा अपमान होईल. मग सुलतानाने एक हजारच दिले, पण रात्रीतून गुपचूप तीन जहाजं धान्याने भरली आणि पाठवून दिली. डब्लिनला इंग्रजांनी ती बंदरात शिरू दिली नाहीत. मग ती उत्तरेला वळून आमच्या बॉइनमधे घुसली आणि ड्रॉहेडाच्या धक्क्यावर धान्य उतरवून गेली. खलाशी त्या हॉटेलच्या इमारतीत मुक्कामाला होते. आणि म्हणून, आजोबा काठीने दाखवत म्हणाले, आमच्या गावाच्या चिन्हावर चांद आणि तारा आहे.

आणि खरंच आहे हो! नगरपालिकेच्या चिन्हावर आहे, इथल्या ड्रॉहेडा युनायटेड फुटबॉल क्लबच्या बिल्ल्यावर आहे. एका कॅथलिक गावात, जिथे चर्चमधे एका संताचं खरंखुरं मुंडकं काचेच्या पेटीत ठेवलंय (त्याबद्दल नंतर सांगते), तिथे चांद-तारा. मला तर अंगावर काटाच आला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला व्हॉट्सॲप फॉरवर्ड वाटतोय.

तर मंडळी, कोणाला याबद्दल जास्त माहिती आहे का? अशा अजून बऱ्याच गोष्टी आहेत गावात, प्रतिसाद बघून लिहीन.

काठावर_पास

मुंडक्याबद्दल नंतर सांगते म्हणे. आधी मुंडकं, मग जहाजं. प्राधान्यक्रम चुकलाय ताई.

बाकी छान लिहिलंय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मुक्काम पोस्ट कॉर्क

अरे वा, आयर्लंडमधलं कोणीतरी! मी पार दुसऱ्या टोकाला. ही गोष्ट इथे सगळ्यांना माहितीये, २०१० मधे तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस तुर्कस्तानच्या दौऱ्यावर गेल्या होत्या तेव्हा त्यांनीही भाषणात ही जहाजं आणि चांद-तारा दोन्ही सांगितलं होतं, म्हणजे व्हॉट्सॲप नाही, थेट राष्ट्रपती भवन. तुमच्या ड्रॉहेडा युनायटेडची आणि तुर्कस्तानच्या त्राब्झोनस्पोर क्लबची त्यावरून दोस्ती आहे, दोघांच्या जर्सीचे रंगही तेच, गडद लाल आणि निळा. मी एकदा मॅच बघायला आलो होतो तेव्हा एका पोराच्या गळ्यात दोन्ही क्लबांचा अर्धा अर्धा मफलर बघितला.

तळटीप

धागा आवडला. पण रंगाचा बेरंग करायला आलोय, आधीच माफी मागतो.

चांद-तारा आणि जहाजं यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. ड्रॉहेडाचं ते चिन्ह दुष्काळाच्या सहाशे वर्षं आधीचं आहे. इंग्लंडच्या जॉन राजाने १२१० च्या सुमारास आयर्लंडमधे येऊन जे काही केलं त्या काळात ते गावाकडे आलं. जॉनने आयर्लंडसाठी जी चांदीची नाणी पाडली त्यावरही चंद्रकोर आणि तारा आहे, म्युझियममधे बघायला मिळतात. त्याचा भाऊ रिचर्ड, तो क्रूसेडवाला, त्याच्यापासून हे चिन्ह त्या घराण्यात चालत होतं. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ शहराच्या चिन्हावर पण हाच चांद-तारा आहे आणि त्यांच्याही फुटबॉल क्लबच्या बिल्ल्यावर आहे, तिथे कोणी सुलतानाने धान्य पाठवलेलं नाही. उलट गंमत बघा, त्या काळात सुलतानाचं ऑटोमन साम्राज्यच जन्माला यायचं होतं!

पैशांचं मात्र खरं आहे. सुलतानाने एक हजार पौंड दिले. त्याबद्दल आयर्लंडमधल्या सरदार-उमरावांनी सह्या करून पाठवलेलं आभाराचं पत्र तुर्कस्तानच्या दफ्तरखान्यात आहे, त्याचे फोटो नेटवर मिळतील. दहा हजारांची गोष्टही नंतरच्या काळात कोणी जुळवलेली नाही, १८५३ सालच्या एका आयरिश राजकारण्याच्या डायरीत ती आहे, त्याला सुलतानाच्या त्या आयरिश डॉक्टरच्या मुलाने सांगितली. म्हणजे ऐकीव, पण ताजी ऐकीव.

राहता राहिली जहाजं. बंदराच्या नोंदी शिल्लक नाहीत. १८४७ च्या मे महिन्यातल्या वर्तमानपत्रांत सॅलोनिकाहून आलेल्या जहाजांचा उल्लेख सापडतो असं सांगतात, आणि सॅलोनिका (आजचं ग्रीसमधलं थेसालोनिकी) तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होतं. पण तो व्यापाऱ्यांनी मागवलेला माल असणार. त्या वर्षी सगळ्या युरोपातले व्यापारी काळ्या समुद्राकडून आणि पूर्वेकडून धान्य आणत होते. गुपचूप आणलेलं दानाचं धान्य पेपरात कशाला छापून येईल?

नदीकाठची

@तळटीप, बाई गं. एका प्रतिसादात आजोबांचं गाव रिकामं केलंत तुम्ही.

पण एक शंका. जर सॅलोनिकाहून जहाज खरंच आलं असेल, त्यावर तुर्की खलाशी असतील, आणि उपाशी लोकांनी धक्क्यावर उभं राहून त्यातनं पोती उतरताना बघितली असतील, तर ते व्यापाऱ्याचं आहे का सुलतानाचं हे त्यांना कसं कळणार? आणि त्याच वेळी सुलतानाने पैसे दिल्याची बातमी गावात आलेली. दोन आणि दोन चार होणारच ना.

तळटीप

हे मात्र मला पटण्यासारखं आहे. बहुतेक असंच झालं असावं.

थोरल्या वहिनी

मला इतिहासातलं फार कळत नाही पण बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. रेशनवर लाल मिलो यायची, अमेरिकेची. तिची भाकरी थापताना तुटायची, चव म्हणाल तर लाकडाचा भुसा. आमच्या आजीला अमेरिका कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण ती तव्यावर भाकरी टाकताना म्हणायची त्या साहेबाचं भलं होवो, जनावराचं खाणं का असेना पण दिलं. कुठला साहेब कोण जाणे. तिच्या डोक्यात एक साहेब होता एवढं खरं.

रस्त्याच्या कामावर सुकडी मिळायची तीही आठवते. ती मात्र आवडायची.

मालदांडी

थोरल्या वहिनी, +१००.

आम्ही मंगळवेढ्याचे, त्यामुळे धागा वाचताना पहिल्यापासून दामाजीपंत डोळ्यापुढे. दुष्काळ, सरकारी कोठार, बिदरचा बादशहा, आणि पैसे चुकते करायला विठू महाराच्या रूपात खुद्द पांडुरंग. इथे पण सगळी पात्रं तीच फक्त जागा बदललेल्या, तिथे बादशहाचं धान्य लोकांना वाटलं म्हणून बादशहा चिडतो आणि इथे सुलतान स्वतःच धान्य पाठवतो आणि राणी चिडते. तळटीप साहेब आमच्याकडे येऊन पावती दाखवा म्हणाले तर काय करायचं? पावती तर बादशहाने दिलीच होती म्हणतात.

तळटीप

मंगळवेढ्यात मी काहीही बोलणार नाही. मला हुरडा खायचाय.

शब्दखुळा

अवांतर: बॉइन या नावाबद्दल कोणी कसं बोललं नाही अजून!

बॉइन ही मुळात देवी आहे, बोआन. नावाचा अर्थ 'पांढरी गाय'. आयरिश भाषेतला गायीचा 'बो' आणि आपला 'गो' हे एकाच मुळातले शब्द. दुसऱ्या शतकात टॉलेमी नावाच्या ग्रीक भूगोलतज्ज्ञाने आपल्या 'भूगोल' या ग्रंथात या नदीचं नाव लिहिलंय ते 'बुविंदा' असं काहीसं आहे.

आणि तिची गोष्ट तर आपल्याकडे अगदी खपून जाईल. एक विहीर होती, ज्ञानाची विहीर, तिच्याभोवती हेझलची झाडं, त्यांची फळं पाण्यात पडायची आणि खालचे मासे ती खायचे. विहिरीजवळ जायचा अधिकार फक्त बोआनच्या नवऱ्याला आणि त्याच्या पाणक्यांना. बाईला मनाई. ती गेली. नुसती गेली नाही तर तिने विहिरीला उलटी प्रदक्षिणा घातली, एक नाही तीन! तर पाणी उसळून वर आलं, तिचा एक डोळा, एक हात, एक पाय घेऊन गेलं, ती पळत सुटली समुद्राकडे आणि पाणी तिच्या मागे. ती ज्या वाटेने पळाली तीच ही नदी. उलटी प्रदक्षिणा घालू नये हे माझ्या आजीचं म्हणणं आयर्लंडमधे सिद्ध झालं.

काठावर_पास

बुविंदा = गोविंदा. झालं. आता आयर्लंड म्हणजे आर्यलंड आणि न्यूग्रेंज म्हणजे नवग्रह असा प्रतिसाद येईपर्यंत मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शब्दखुळा

हाहा, ते होऊ नये म्हणून आत्ताच सांगतो. 'बु' आणि 'गो' नातेवाईक आहेत पण 'विंदा' नाहीत. तिकडचा 'विंद' म्हणजे पांढरा, आणि गोविंदातला विंद म्हणजे मिळवणारा, शोधणारा. एका घरातल्या दोन जावा, माहेरं वेगळी.

न्यूग्रेंज मात्र धाग्यात यायला हवं. ड्रॉहेडापासून थोडं वर नदीच्या वळणावर असलेलं हे प्राचीन दगडी थडगं, इ.स.पू. ३२०० च्या आसपासचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडपेक्षा जुनं. डिसेंबरात सगळ्यात लहान दिवस असतो त्या सकाळी सूर्याचा किरण दरवाजावरच्या झरोक्यातून थेट आतल्या गाभाऱ्यापर्यंत जातो. कथेत ते घर बोआनच्या पोराचं, अंगसचं.

सॅकवाला

मी गेलो होतो दोन वर्षांपूर्वी, न्यूग्रेंज करून ड्रॉहेडात एक रात्र. त्या मुंडक्याबद्दल मीच सांगतो, धागाकर्तीला वेळ दिसत नाही.

वेस्ट स्ट्रीटवरच सेंट पीटर्स चर्च आहे, आत डाव्या बाजूला सोनेरी मखरात काचेमागे डोकं. ऑलिव्हर प्लंकेट, आर्माचे आर्चबिशप. १६८१ साली लंडनमधे खोट्या कटाचा आरोप ठेवून टायबर्नला फाशी दिली, मग शरीराचे तुकडे केले, डोकं आगीत टाकलं ते कोणीतरी ओढून बाहेर काढलं. त्यामुळे चेहऱ्यावर भाजल्याच्या खुणा आहेत असं तिथला माणूस दाखवतो. ते डोकं टिनच्या डब्यातून रोमला गेलं, तिथून आयर्लंडला आलं, मग दोनशे वर्षं ड्रॉहेडातल्या जोगिणींच्या मठात राहिलं आणि १९२१ पासून या चर्चमधे. १९७५ साली पोपने त्यांना संत घोषित केलं. मी उभा होतो तेव्हा एक बाई शाळेच्या गणवेशातल्या मुलीला घेऊन आली, दोघींनी मेणबत्ती लावली, मुलीच्या परीक्षेसाठी, आणि मुलगी त्या डोक्याकडे अगदी घरच्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. मी मात्र बाहेर येऊन कॉफी पूर्ण पिऊ शकलो नाही.

दुसरं एक सेंट पीटर्स चर्च वर चढावर आहे, प्रोटेस्टंटांचं. लोक गोंधळतात. त्याच्या आवारात नवराबायकोचे कुजलेले देह कोरलेला एक जुना थडग्याचा दगड आहे, तोही बघा. या गावाला शरीराच्या भागांचं काय वेड आहे कळत नाही.

नदीकाठची

@सॅकवाला, धन्यवाद. वेळ नव्हता कारण लेकीला ताप होता, आता बरी आहे.

शरीराच्या भागांवरून आठवलं, लाकडी पायाची गोष्ट सांगायलाच हवी. ११ सप्टेंबर १६४९ ला क्रॉमवेलने (राजाविरुद्ध लढणाऱ्या इंग्लंडच्या पार्लमेंटचा सेनापती) ड्रॉहेडा घेतलं. गावाचा किल्लेदार होता सर आर्थर ॲस्टन, त्याचा एक पाय लाकडाचा. तो मिलमाउंटवर अडकला, म्हणजे दक्षिण काठावरची ती मोठी टेकडी, इथले लोक तिला कपबशी म्हणतात कारण वरचा गोल बुरूज लांबून बशीत ठेवलेल्या उपड्या कपासारखा दिसतो. सैनिकांची खात्री होती की याच्या पायात सोन्याच्या मोहरा लपवलेल्या आहेत. त्यांनी पाय ओढून काढला, सोनं निघालं नाही, मग त्याच पायाने त्याला मारून मारून ठार केलं. सोनं निघालं म्हणे नंतर, कमरेच्या पट्ट्यात.

आमच्या आजोबांनी ही गोष्ट मला टेकडीवर उभं राहून सांगितली, अशा आवाजात की जणू काल संध्याकाळी झालंय आणि अजून पोलीस पंचनामा व्हायचाय. क्रॉमवेलचं नाव घेताना ते दर वेळी थोडं थांबतात.

त्याच टेकडीखाली अमेर्गिन नावाचा आद्य कवी पुरलाय अशीही समजूत आहे, आयर्लंडमधे पाऊल ठेवताना त्याने 'मी समुद्रावरचा वारा, मी लाट' अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं होतं म्हणतात. कवी खाली, बुरूज वर, आणि १९२२ च्या यादवीत त्याच बुरुजावर त्यांच्याच नव्या सरकारने तोफा डागल्या. आता म्युझियम आहे, शाळेच्या सहली येतात.

तळटीप

ॲस्टनचा पाय खरा आहे, त्या काळातल्याच लोकांनी लिहून ठेवलाय, पट्ट्यातल्या मोहरांसकट. या वेळी मी तक्रार करत नाही बघा.

फक्त एक भर. ही गोष्ट आज 'इंग्रजांनी आयरिशांना मारलं' अशी सरळ सांगितली जाते पण तटाच्या आत राजाच्या बाजूचे लोक होते, त्यात इंग्रजही होते, ॲस्टन स्वतः इंग्रज कॅथलिक. शरण आलेल्यांनाही मारलं हे क्रॉमवेलने स्वतःच्या पत्रात लिहिलंय, चर्चच्या मनोऱ्यात लपलेल्यांना लाकडं पेटवून जाळलं तेही लिहिलंय, जे वाचले त्यांना बार्बाडोसला पाठवलं. सामान्य नागरिक किती मेले यावर अजून भांडणं चालू आहेत, गंमत म्हणजे क्रॉमवेलची बाजू घेणारं पुस्तक लिहिणारा माणूस ड्रॉहेडाचाच आहे. गावात तो दूध आणायला कसा जात असेल देव जाणे.

मुक्काम पोस्ट कॉर्क

तळटीप, तुम्हाला एक खाद्य देतो. राणी व्हिक्टोरियाने दुष्काळात फक्त पाच पौंड दिले आणि त्याच दिवशी कुत्र्यांच्या आश्रमालाही पाच पौंड दिले, ही गोष्ट मला ऑफिसमधे किमान चार जणांनी सांगितलीये. खरं तर तिने दोन हजार दिले, एका व्यक्तीने दिलेली ती सगळ्यात मोठी देणगी होती. पण इथे जाऊन सांगून बघा! मी एकदा सांगितलं तर टेबलावर शांतता पसरली, मग एक जण म्हणाला, 'दोन हजार? आणि बोटी भरभरून धान्य जात होतं बाहेर त्याचं काय?' यावर काय बोलणार. दुष्काळात धान्य, लोणी, जनावरं निर्यात होतच होती, दहा लाखांच्या आसपास लोक गेले आणि तेवढेच देश सोडून गेले. त्या हिशोबात पाच आणि दोन हजार यांत फार फरक उरत नाही असं त्याला म्हणायचं होतं बहुतेक.

उलट छोटी देणगी कशी लक्षात राहते बघा. १८४७ मधेच अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनी १७० डॉलर जमवून पाठवले, ज्यांना स्वतःला सोळा वर्षांपूर्वी घरादारातून हाकलून शेकडो मैल चालवलं होतं. आमच्या कॉर्क जिल्ह्यात मिडलटन गावात त्यांच्यासाठी स्टीलची नऊ मोठी पिसं उभी केलीयेत, बागेत, वीस फूट उंच असतील. २०२० मधे कोव्हिडच्या वेळी नवाहो आणि होपी लोकांसाठी निधी निघाला तेव्हा आयर्लंडमधून धो धो पैसे गेले आणि लोक खाली लिहीत होते 'चॉक्टॉंची परतफेड'. जमात वेगळी, पण ते कोण बघतंय.

आणि आपल्यासाठी खास, दुष्काळ सुरू झाल्यावर बाहेरून आलेल्या सगळ्यात पहिल्या मोठ्या मदतींपैकी एक कलकत्त्याहून आली होती, सुमारे १४,००० पौंड! कंपनी सरकारच्या नोकरीतले आयरिश सैनिक आणि इतर लोकांनी जमवलेले. त्यासाठी कुठे पाटी नाही बघितली मी.

थोरल्या वहिनी

कलकत्त्याच्या चौदा हजारांची गोष्ट नाही आणि सुलतानाच्या एक हजाराची आहे, ते का बरं?

मालदांडी

वहिनी, कारण कलकत्त्याच्या गोष्टीत जहाज रात्री गुपचूप येत नाही. चंदा गोळा केला, पाठवला, पोच आली. यात आजोबांनी काठीने काय दाखवायचं?

काठावर_पास

आणि कलकत्त्याच्या गोष्टीत खाष्ट राणी नाही. व्हिलन पाहिजे.

तळटीप

शिवाय कलकत्त्याचे पैसे शेवटी त्यांच्याच पोरांनी, इंग्रजांच्या फौजेचा लाल डगला घालून मिळवलेल्या पगारातून दिलेले. ती गोष्ट सांगायला जरा अवघड आहे.

शब्दखुळा

@तळटीप वा. यावर वेगळा धागा निघेल.

नदीकाठची

मंडळी, अपडेट. काल रविवार होता, ऊन होतं (इथे ही बातमी असते), आजोबा नदीवर भेटले. मी आठवडाभर धैर्य गोळा करत होते. शेवटी सांगून टाकलं, की बघा हं, तुमचं चिन्ह जॉन राजाच्या काळातलं आहे, १२१० च्या आसपासचं, पोर्ट्समथला पण तसंच आहे, जॉनच्या नाण्यांवर पण आहे. फोनवर नाण्याचा फोटोही दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, फोटो मोठा करून बघितला, मला वाटलं आता रागावणार. मग सॅलोनिकाचं पण सांगितलं, व्यापाऱ्यांच्या धान्याचं.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. भरती होती, पाणी पार पायऱ्यांपर्यंत आलेलं. मग म्हणाले, 'म्हणजे जहाजं यायच्या आधीपासूनच चांद-तारा गावावर होता म्हणतेस.'

मी म्हटलं हो.

'मग बरोबरच आहे. डब्लिनला हाकलल्यावर बिचारे कुठे जायचं म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने वर येत होते. एवढी गावं सोडून आमच्याकडेच का वळले असतील? लांबून आपला चंद्र दिसला त्यांना.'

आणि टोपी सारखी करून चालायला लागले.

काठावर_पास

=))

आजोबांना इथे आयडी काढून द्या.

थोरल्या वहिनी

किती गोड. लेकीला बरं आहे ना आता? आजोबांना एकदा पुरणपोळी नेऊन द्या.

तळटीप

आजोबांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. या मुद्द्यावर माझ्याकडे एकही कागद नाही.